लाभांशासह हिशेब



संतवाङ्मय, इतिहास आणि शेती हे व्याख्यानमालेचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीत गुंतवणुकीचा हिशेब आलेला पाहून काहींना नवल वाटेल. त्यातून बोलणारा मनुष्य कामगार चळवळीतला, आणि जे काही शिकला ते शाळेबाहेर शिकलेला. परंतु हिशेबाची गरज कामगाराइतकी कोणालाच नाही. व्यापाऱ्याचा एक सौदा फसला तर तो दुसऱ्यात भरून निघतो. कामगाराच्या हाती मोठी रक्कम आयुष्यात एकदाच येते. निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळते, आणि थोड्याच दिवसांत कोणीतरी म्युच्युअल फंडाचे पत्रक घेऊन दारात उभा राहतो. त्या पत्रकावर दोन रेघा काढलेल्या असतात. एक फंडाची, एक बाजाराच्या निर्देशांकाची. आणि फंडाची रेघ वर असते. ती रेघ खरी आहे की नाही, हे कसे ओळखावे, एवढाच आजचा विषय.

आपण सोनईकर उसाच्या मुलखातले लोक. एका कारखान्याने पहिला हप्ता जास्त दिला आणि दुसऱ्याने थोडा कमी दिला, पण पुढे आणखी दोन हप्ते दिले, तर कोणाचा भाव चांगला? जाणता शेतकरी सगळे हप्ते मांडतो, कपाती वजा करतो आणि मगच बोलतो. पगाराचेही तसेच. एका ठिकाणचा नुसता मूळ पगार आणि दुसऱ्या ठिकाणचा महागाई भत्त्यासह पगार समोरासमोर ठेवून जर मालकाने आमच्याशी बोलणी सुरू केली, तर आम्ही कागद परत करू. गुंतवणुकीच्या बाजारात मात्र असे कागद वर्षानुवर्षे चालले.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. दोन फंड आहेत, दोघांच्याही युनिटची किंमत १०० रुपये, दोघेही दरवर्षी शेकडा १० कमावतात. पहिला काही वाटत नाही. त्याचे युनिट पहिल्या वर्षी ११० आणि दुसऱ्या वर्षी १२१ होते. दुसरा दरवर्षी १० रुपये लाभांश वाटतो. ११० झाले, १० वाटले, राहिले १००. पुन्हा ११० झाले, १० वाटले, राहिले १००. नुसती किंमत पाहणारा म्हणेल, पहिल्याने २१ कमावले, दुसऱ्याने शून्य! हा उघड अन्याय झाला. लाभांश मिळवला तर दुसऱ्याचे १२० होतात. तरी एक रुपया कमी का? कारण पहिल्या वर्षी मिळालेले १० रुपये आपण पेटीत ठेवले. त्याच १० रुपयांचे त्याच फंडाचे दशांश युनिट घेतले असते, तर दुसऱ्या वर्षाअखेर सव्वादोन नव्हे, बरोबर एक पूर्णांक एक दशांश युनिटाचे ११० च्या भावाने १२१ रुपये झाले असते. दोन्ही फंड सारखेच ठरले.

एका रुपयाचा फरक क्षुल्लक वाटेल. पण हेच २० वर्षे चालू द्या. लाभांश पुन्हा गुंतवणाऱ्याचे १०० चे सुमारे ६७३ होतात. पेटीत ठेवणाऱ्याजवळ मुद्दल आणि लाभांश मिळून ३०० राहतात. उसाच्या खोडव्यासारखेच हे आहे. बुडखा जमिनीत राहिला तरच त्याला पुन्हा फुटवे येतात.

आता त्या पत्रकावरील दोन रेघांकडे वळू. मुंबई शेअरबाजाराचा सेन्सेक्स १९८६ साली सुरू झाला. १९७८-७९ हे वर्ष १०० धरून तो मोजतात. वर्तमानपत्रात येणारा त्याचा आकडा केवळ शेअरांच्या किमतींचा असतो, कंपन्यांनी वाटलेला लाभांश त्यात नसतो. निफ्टीचेही तसेच. फंडाला मात्र त्याच कंपन्यांकडून लाभांश मिळतो आणि तो त्याच्या युनिटच्या किमतीत मिसळतो. म्हणजे शर्यतीत एकाला दोन पायांनी पळवायचे आणि दुसऱ्याला लंगडी घालायला लावायची! समजा निर्देशांक किमतीने वर्षाला ११ टक्के वाढला आणि लाभांशासह १२.३ टक्के, फंड १२ टक्के वाढला. पत्रक म्हणेल, फंडाने बाजारावर मात केली. २० वर्षांनी एक लाखाचे किमतीच्या निर्देशांकाने ८ लाख ६ हजार, फंडाने ९ लाख ६५ हजार आणि लाभांशासह निर्देशांकाने सुमारे १० लाख १८ हजार होतात. विजयी म्हणून मिरवलेला फंड वास्तविक हरलेला असतो.

ही गोष्ट शेवटी नियंत्रकांनाही मान्य करावी लागली. सेबीने जानेवारी २०१८ मध्ये परिपत्रक काढून, १ फेब्रुवारी २०१८ पासून फंडांनी आपली तुलना लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशीच करावी, असा नियम केला. जर्मनीचा डॅक्स तर नेहमी सांगितला जातो तोच लाभांश धरून. म्हणून डॅक्स आणि सेन्सेक्स यांचे आकडे शेजारी ठेवून देशांची तुलना करणाराही फसतो.

लाभांश या शब्दाचीच एक मोहिनी आहे. लाभांश येतो म्हणजे फंड बळकट, असे आपण समजतो. १९६४ साली सुरू झालेल्या युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेवर मध्यमवर्गाचा असाच विश्वास होता. लाभांश येत राहिला, परंतु युनिटचा जाहीर भाव आणि आतील मालमत्तेची किंमत यांचा मेळ राहिला नाही. १९९८ साली राखीव निधी उणे झाल्याचे उघड झाले आणि जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री थांबवण्यात आली. हाती येणारा पैसा नफ्यातूनच येतो असे नाही, तो आपल्याच मुद्दलातूनही येऊ शकतो. म्हणूनच सेबीने १ एप्रिल २०२१ पासून फंडांच्या ‘लाभांश’ पर्यायाचे नाव बदलून त्यात उत्पन्नवाटपाबरोबर भांडवल काढून देण्याचाही उल्लेख घालायला लावला.

कोणी विचारील, दरमहा घरखर्चाला पैसे लागतात त्याने लाभांश घेऊ नये काय? अवश्य घ्यावा, पोट उपाशी ठेवून चक्रवाढ करावी असे मी म्हणत नाही. पण घेतलेला पैसा हिशेबात धरावा. एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर लागतो, हेही विसरू नये. आणि लाभांशासह निर्देशांक हा कागदावरचा आहे. त्याला कर नाही, खर्च नाही. तेव्हा तोही देव मानू नये, माप मानावे.

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. ऑगस्ट २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग शेअरबाजारातील निर्देशांक-फंडांत जाऊ लागला. त्या वेळी कामगार संघटनांनी विरोध केला होता. बाजारात जावे की न जावे, यावर मतभेद राहतील. परंतु आपला पैसा गेलाच आहे, तर त्याचे माप विचारण्याचा हक्क आपला आहे. आणि माप न कळणाऱ्याचा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून पत्रक हातात आले की चार प्रश्न विचारा. दोन्ही रेघांची आरंभीची आणि अखेरची तारीख एकच आहे काय? दोन्हींत लाभांश पुन्हा गुंतवलेला धरला आहे काय? खर्च आणि दलाली वजा केली आहे काय? आणि कर गेल्यावर माझ्या हाती काय राहील? समोरचा मनुष्य प्रामाणिक असेल तर त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. राग आला, तर तेही एक उत्तरच समजावे.

वजनकाट्यावर गाडी चढली की आपण काट्याकडे डोळे लावून उभे राहतो. आयुष्यभराच्या कष्टाचे पैसे तोलतानाही तेवढेच सावध राहावे, इतकीच माझी विनंती आहे.