कोठीचा चौक



हैदराबादमध्ये एक चौक असा आहे की, त्याचे नाव कोण कसे उच्चारतो यावरून बोलणाऱ्याच्या घरची भाषा ओळखता येते. तेलुगू भाषक ‘कोटी’ म्हणतो. उर्दू आणि मराठी बोलणारा ‘कोठी’. मूळ शब्द कोठीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने येथे जी भव्य वास्तू उभारली, तिच्यावरून हे नाव रूढ झाले. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर हल्ला केला. तो फसला. मौलवींना अंदमानात धाडण्यात आले आणि तुर्रेबाज खान यांना पुढे ठार मारण्यात आले. चौकातील हुतात्मा स्मारक त्याच घटनेचे आहे. बसच्या घाईत त्याच्याकडे मान वळवून पाहणारे मात्र विरळा.

वास्तूभोवती जी वस्ती वाढली, ती रेसिडेन्सी बाजार. येथे अंमल निजामाचा नव्हे, रेसिडेंटाचा चाले. ज्या वास्तूवर स्वातंत्र्यासाठी चाल करून जावे, तिच्याच सावलीत संस्थानातील प्रजेला थोडा मोकळा श्वास मिळावा, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. सभा, ग्रंथालये, आर्य समाजाचे कार्य यांना शहराच्या इतर भागांपेक्षा येथे अधिक वाव होता. तेलुगू भाषेसाठी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम 1901 मध्ये येथेच सुरू झाले. मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 चे. तेही या चौकापासून दूर नाही. दोन भाषांनी आपापली ग्रंथालये एकाच परिसरात थाटावीत, यात स्पर्धेपेक्षा शेजारधर्मच अधिक होता. 1933 मध्ये हा बाजार निजामाकडे परत आला आणि त्याचे सुलतान बाजार असे नामकरण झाले. पाट्या बदलल्या; गिऱ्हाईक तेच राहिले.

मराठी माणसाच्या दृष्टीने या चौकाचे खरे स्थित्यंतर पुढे झाले आणि ते कोणत्याही इमारतीत दिसत नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांची राजधानी तोवर हैदराबाद होती. खटला असो, नोकरी असो वा महाविद्यालयातील प्रवेश, मराठवाड्याची वाट येथेच येऊन थांबे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि ते जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यांच्यासोबत अनेक सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. जी भाषा आदल्या दिवशी राज्याच्या तीन प्रमुख प्रादेशिक भाषांपैकी एक होती, ती दुसऱ्या दिवशी अल्पसंख्याकांची भाषा झाली. कोणाचे घर पाडले गेले नाही, कोणाला हुसकावले गेले नाही. तरी चौकातील बोलण्याचा सूर हळूहळू पालटला. जे मागे राहिले, त्यांच्यापुढे प्रश्न उरला तो मुलांना कोणत्या शाळेत घालावे हा. त्याचे उत्तर देणे आजच्या पालकांना 1956 च्या पालकांहून सोपे नाही. उलट अधिकच अवघड आहे.

दरम्यान रेसिडेन्सीतच 1949 पासून महिला महाविद्यालय भरू लागले. रेसिडेंटाच्या दरबारात मुली पदवीचा अभ्यास करू लागल्या, याहून सुंदर सूड कोणता असेल! छपराला तडे गेले, वास्तू धोकादायक ठरली आणि प्रदीर्घ दुरुस्तीनंतर 2023 मध्ये ती पुन्हा उघडली.

25 ऑगस्ट 2007 च्या संध्याकाळी चौकातील गर्दीच्या उपाहारगृहात बॉम्बस्फोट झाला. त्याविषयी जितके थोडे बोलावे तितके बरे. मेट्रोविषयी मात्र बोलायला हवे. सुलतान बाजाराच्या अरुंद रस्त्यावरून उन्नत मार्ग जाणार, हे कळताच व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. मार्ग अखेर तेथूनच गेला आणि 7 फेब्रुवारी 2020 रोजी सुलतान बाजार स्थानक सुरू झाले. साड्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांवर आता काँक्रीटची सावली असते. व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. तरीही दूरच्या उपनगरातून येणाऱ्या मुलीला हीच गाडी वेळेवर वर्गात पोहोचवते, हेही तितकेच खरे. दुमजली बस गेली तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. तिच्या वरच्या मजल्यावरून दिसणारा बाजार आता मेट्रोच्या खिडकीतून क्षणभर दिसतो, इतकेच.

पदपथावरील जुन्या पुस्तकांची दुकाने या सर्वांतून टिकली. अभियांत्रिकीच्या आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांची तेथे चळत असते. तिच्या तळाशी कधी एखादे मराठी पुस्तक सापडले, तर कोणाच्या तरी घरचे कपाट रिकामे झाले असे समजावे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी या चौकाची जुनी छायाचित्रे, दुकानांच्या पावत्या, मराठी पत्ता लिहिलेली पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी ग्रंथसंग्रहालयाकडे एकदा विचारणा करावी. मागच्या बाजूस साल आणि माणसांची नावे शाईने नव्हे, पेन्सिलीने लिहावीत. शाई कागदातून उतरते.