डळमळवणारे कोण?

(अमरावतीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. आज एका क्रियापदावर बोलणार आहे. डळमळवणे. कारण ते आपल्या अंगावर फेकलं जातं. मोर्चा काढला की म्हणतात, समाज डळमळवायला निघाले, अस्थिर करायला निघाले.

शाळेत व्याकरण होतं. डळमळणे आपोआप घडतं. त्यात 'व' घातला की डळमळवणे, प्रयोजक क्रियापद. म्हणजे करणारा आला. सगळी मेख त्या 'व'त आहे. कुजलेला खांब स्वतःच डळमळतो. हे लोक तिथं 'व' घुसडतात अन् कर्त्याच्या जागी आपलं नाव लिहितात.

आमचं घर अकोल्याकडं, काळ्या मातीत. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दरसाल भीत तडकायची. बाप आम्हा पोरांवर ओरडायचा, तुमीच लाथा मारता. माय म्हणायची, "भीत कोनं नाई हालवली. खालची मातीच हालते, तिले पाहा नं." माय शाळेत गेली नाही. प्रयोजक मात्र तिला बरोबर कळत होतं.

गोदीत तेच. जड माल तळाशी लावायचा असतो, वर चढवला की जहाज कलतं. सुटं धान्य फाळक्यात नीट पसरलं नाही तर समुद्रात एका अंगाला घसरतं, जहाज त्या अंगाला झुकतं. कोणता माल कुठं लावायचा हे हमाल ठरवत नाही. पण पहिली शिवी हमालाला. वजन वर कोणी चढवलं, हे विचारायची रीतच नाही. जहाजावर नाही अन् गावातही नाही.

आता 'अस्थिर' घ्या. धातू स्था, म्हणजे उभं राहणे. स्थिर, स्थान, स्थावर, व्यवस्था ही सगळी त्याचीच लेकरं. ज्याच्याकडं स्थावर, त्याला स्थिर हवं, हे समजतं. ज्याला उभं राहायला जागाच दिली नाही, त्यानं काय स्थिर ठेवावं? १९२७ च्या नोव्हेंबरात याच अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. मागणी एवढीच, की आत उभं राहू द्या. उभं राहू द्या म्हणणाराच अस्थिर करणारा! एका धातूत हे कसं बसवलं, पंडितांनी सांगावं.

आणि उलट पाहा. १९७४ साली अकोला जिल्ह्यातल्या धाकलीत दोन दलित भावांचे डोळे काढले. पँथरांनी ते प्रकरण पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत नेलं. असल्या गोष्टीला आपण आजही काय म्हणतो? घटना. घटना घडते! इथं 'व' गायब, कर्ता गायब. पाऊस पडावा तसे डोळे गेले.

माझ्याही एका कवितेत 'घटना घडली' अशी ओळ होती. परवा जेवणाच्या सुट्टीत खोडली. 'डोळे काढले' असं लिहिलं. कोणी, ते अजून लिहायचं आहे.