झेनर लावला, तरी पाच व्होल्ट गेले कुठे?

आज कोड बाजूला, सोल्डरिंग गन हातात.

बीटेकला असताना काकांच्या कारखान्यासाठी मी एक सेन्सर बनवला होता. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, एवढंच त्याचं काम. दिवसभर भारी चाललं. संध्याकाळी व्होल्टेज डाऊन झालं, सेन्सर झोपला, धागा तुटूनही माग चालूच आणि टॉवेल वाया. काका एवढंच म्हणाले, "काय इंजिनिअरसाहेब?"

दोन रात्री मी प्रोग्रॅममध्ये बग शोधत बसलो. शेवटी मीटर लावला, तर पाचच्या जागी 3.6 व्होल्ट!

आता झेनर डायोड म्हणजे काय, तर तो उलटा जोडायचा. ठरलेलं व्होल्टेज आलं की तो उघडतो आणि जादा करंट स्वतःतून ग्राउंडला सोडतो. नाव क्लॅरेन्स झेनर या अमेरिकन शास्त्रज्ञाचं. त्यांनी या ब्रेकडाऊनची थिअरी 1934 मध्ये मांडली. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप असतो ना, तसंच. पण नळालाच पाणी कमी आलं तर पाइप काय करणार? सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे खरा खेळ आधीच्या रेझिस्टरचा. माझा अडॅप्टर जुना, ट्रान्सफॉर्मरवाला. वर 12 लिहिलेलं. झेनर 5.1 चा, सर्किटला 20 मिलिअँप, झेनरला 5. उरलेले 6.9 व्होल्ट भागिले 25 मिलिअँप, म्हणून 270 ओहम लावला. पुस्तकात बरोबर! पण लाईट कमी झाली की अडॅप्टर 9 वर यायचा. मग 270 मधून सर्किटचे 20 मिलिअँप नेतानाच 5.4 व्होल्ट पडायचे, उरायचे 3.6. झेनर बिचारा बंदच.

हिशोब सगळ्यात कमी व्होल्टेजवर करायचा. 9 वजा 5.1 म्हणजे 3.9, भागिले 25 मिलिअँप, 156 येतं, म्हणून 150 ओहम. मग उलटं तपासायचं: व्होल्टेज 15 झालं आणि सर्किट काढलेलं असलं तर 66 मिलिअँप एकट्या झेनरमधून जाणार, म्हणजे 0.34 वॅट. रेझिस्टर तर 0.65 वॅट खातो. मी दोन्ही 1 वॅटचे घेतले. पाव वॅटचा रेझिस्टर लावाल तर वास येईल, सांगून ठेवतो.

जास्त करंट लागत असेल तर सरळ 7805 किंवा बक कन्व्हर्टर घ्या, झेनर नुसती उष्णता करत बसेल.

बोर्ड परत लावला तेव्हा काका संध्याकाळपर्यंत मागाजवळून हलले नाहीत. सातला दिवे मंद झाले, त्यांनी स्वतः एक धागा तोडला. माग थांबला. "चहा घेणार का?" म्हणाले.