भाड्याच्या घराची डागडुजी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेकांची आयुष्याची पुंजी भाड्याच्या एखाद-दोन खोल्यांत गुंतलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अन्वये वास्तू राहण्याजोगी राखणे हे मालकाचे कर्तव्य होय. जुन्या भाडेकरूंची सर्वसाधारण भाडेवाढ मात्र वर्षाला 4 टक्के. म्हणजे 500 रुपयांवर पहिल्या वर्षी अवघे 20 रुपये! तेव्हा खर्चाचा क्रम विवेकाने लावावा. प्रथम छपराची गळती थांबवावी, मग सांडपाण्याचे नळ, मग विजेच्या तारा. रंग सर्वांत शेवटी. ओल्या भिंतीवरील रंगाचे लवकरच पोपडे निघतात व खर्च दुप्पट होतो. काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. भाडेकरूस विश्वासात घ्यावे. कोठे गळते, हे त्यालाच ठाऊक असते. घर टिकले तरच पुंजी टिकेल.