नोटिशीच्या शेवटचे वाक्य

(वॉर्ड पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या गिरगावात किंवा लालबागेत पावसाळ्याच्या तोंडी कोणत्याही जुन्या चाळीत गेले, तर जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या शेजारी, एक कागद चिकटवलेला आढळतो. इमारत धोकादायक झाली आहे, रहिवाशांनी ती विनाविलंब रिकामी करावी, असे त्यात म्हटलेले असते. त्याच सुमारास वृत्तपत्रांतून दुसरी एक सूचना प्रसिद्ध होते: नागरिकांनी पिण्याचे पाणी गाळून व उकळून प्यावे. पहिल्या कागदाला नोटीस म्हणतात, दुसऱ्याला आवाहन. पहिल्यामागे कायद्याचा दंडा असतो, दुसऱ्यात विनंतीचा सूर असतो. दोन्ही कागद एकाच महापालिकेकडून एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे येतात. तथापि या दोहोंचा एकत्र विचार फारसा कोणी करीत नाही. पाण्याचा मोर्चा वेगळा निघतो आणि घराची सभा वेगळी भरते.

कायद्याने मात्र या दोन गोष्टी वेगळ्या मानलेल्या नाहीत. मुंबई महापालिकेचा १८८८ चा अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या ६१ व्या कलमात महापालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत. पाणीपुरवठ्याची कामे उभारणे व राखणे हे त्यांपैकी एक. धोकादायक इमारती सुरक्षित करणे किंवा हटविणे हे दुसरे. आवश्यक कर्तव्य म्हणजे मर्जीनुसार करावयाचे काम नव्हे. प्रश्न असा आहे की, जे महापालिकेचे कर्तव्य आहे त्याची नोटीस नागरिकाला का यावी? धोकादायक इमारतीच्या नोटिशीच्या शेवटी एक वाक्य बहुधा असतेच: दुर्घटना घडल्यास महापालिका जबाबदार राहणार नाही. पाण्याच्या आवाहनात हे वाक्य छापत नाहीत, पण त्याचा अर्थ तोच असतो. पाणी न उकळता प्यालात आणि आजारी पडलात, तर चूक तुमची.

प्रथम पाण्याचा विचार करू. विहार तलावाचे पाणी १८६० साली मुंबईला मिळू लागले. आज शहराला सात जलाशयांचे पाणी मिळते आणि शुद्धीकरण केंद्रांतून ते बाहेर पडते तेव्हा स्वच्छ असते. ते बिघडते वाटेत. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते. जलवाहिनीत दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद होऊन दाब ओसरला की त्याच भेगांतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरते. इमारतींनी वाहिनीला थेट मोटार लावून पाणी ओढले की ही क्रिया अधिकच बळावते. म्हणजे दूषित पाणी हा निसर्गाचा कोप नाही. जुन्या वाहिन्या आणि खंडित पुरवठा यांचा तो अपेक्षित परिणाम आहे, आणि वाहिन्या बदलणे हा अर्थसंकल्पाचा विषय आहे.

‘पाणी उकळून प्या’ या तीन शब्दांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. पाच माणसांच्या कुटुंबाने पिण्यासाठी दिवसाला १५ लिटर पाणी उकळले, तर ११२५ किलोकॅलरी झाल्या. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर इंधनातून सुमारे १९०० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दिवसाला सुमारे १७० ग्रॅम आणि महिन्याला पाच किलो गॅस झाला. १४.२ किलोच्या सिलिंडरचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग केवळ पाणी उकळण्यात जातो. शिवाय ते उकळायचे, निववायचे, गाळायचे आणि झाकून ठेवायचे, हे काम घरातील स्त्री करते. तिच्या श्रमाचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा एक कर आहे. तो कोणत्याही सभागृहात मंजूर झालेला नाही, त्याची पावती मिळत नाही आणि महापालिकेच्या अर्थसंकल्पात तो दिसत नाही. उत्पन्न जितके कमी, तितका त्याचा भार अधिक. सधन घरात भिंतीवर शुद्धीकरणाचे यंत्र असते. ज्याला ते परवडत नाही त्याने गॅस जाळावा, नाहीतर मुलाच्या जुलाबाचे औषध आणावे. आवाहन करू नये असा याचा अर्थ नाही. साथीच्या वेळी पाणी उकळण्याचा सल्ला योग्यच असतो. परंतु दरवर्षी त्याच वस्तीला तोच सल्ला द्यावा लागत असेल, तर त्याला सल्ला म्हणता येणार नाही. ती कर्तव्य टळल्याची कबुली आहे.

ही गोष्ट मुंबईपुरती नाही. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गीयाँ-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यांपैकी बरेचसे सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यातील होते. पाण्यावर संशय आला आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. नांदेड व किरकटवाडी ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत आली होती. परंतु महापालिकेची पूर्ण शुद्धीकरण व्यवस्था तेथवर पोचलेली नव्हती. विहिरीचे पाणी निर्जंतुक करून दिले जात होते. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि शुद्ध पाणी मागे राहिले. बांधकामाच्या परवानगीची घाई आणि पाण्याच्या योजनेची दिरंगाई ही एकाच शहरविकासाची दोन रूपे आहेत. येथे पाण्याचा प्रश्न इमारतीच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

आता इमारतीकडे वळू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. त्या काळी ते न्याय्यच होते. युद्धोत्तर टंचाईत कामगाराला त्यानेच वाचविले. परंतु त्या भाड्यात दुरुस्ती होत नाही हे उघड झाल्यावरही पुरेशी दुसरी व्यवस्था झाली नाही. १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर बसविला, दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. उपकर तोकडा आणि इमारती अफाट, असे ते गणित होते. समाजवादी चळवळीनेही येथे आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. भाडे वाढू नये यासाठी चळवळ जितकी झगडली, तितकी दुरुस्तीचा पैसा कोठून यावा यासाठी झगडली नाही. भाडेकरू वाचला, पण त्याच्या डोक्यावरचे छत कुजत गेले.

मालकाच्या बाजूने पाहिले तर तर्क सरळ आहे. उभ्या इमारतीचे भाडे नगण्य. तिच्या खालच्या जमिनीची किंमत मात्र वाढत्या चटईक्षेत्राबरोबर वाढत गेलेली. अशा स्थितीत दुरुस्तीवर खर्च करणे मालकाच्या दृष्टीने तोट्याचे आणि इमारत मोडकळीस येऊ देणे फायद्याचे ठरते. दुर्लक्ष हीच गुंतवणूक होते. सगळेच मालक असे वागतात असे नाही. पण व्यवस्था असे वागणाऱ्यालाच बक्षीस देते. धोकादायक इमारतीची नोटीस अशा वेळी केवळ सुरक्षेचा कागद राहत नाही. जमीन मोकळी करून देणारा तो दस्तऐवज होतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे मेली. पुनर्विकास योजनेत असलेली, धोकादायक ठरलेली ती इमारत होती आणि तरीही तीत माणसे राहत होती. म्हणून प्रत्येक नोटीस हे बिल्डरचे कारस्थान आहे, असे सांगणारा कार्यकर्ता लोकांच्या जिवाशी खेळतो. माणसे धोकादायक घरात का राहतात हे त्याने विचारले पाहिजे. ती राहतात, कारण घर सोडले की हक्क गेला, अशी त्यांना भीती असते. आणि संक्रमण शिबिरांत दशके काढलेल्या कुटुंबांकडे पाहिले, तर ही भीती निराधार म्हणता येत नाही.

या भीतीवर महापालिकेने शोधलेला उपाय म्हणजे पाणी तोडणे. इमारत ‘सी-१’ वर्गात, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याच्या वर्गात गेली, की रहिवासी हटत नसल्यास तिचे पाणी व वीज तोडतात. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत याला स्थान आहे. हेतू जीव वाचविण्याचा आहे. त्याच वर्षी डिसेंबरात, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, त्याच न्यायालयाने सांगितले की अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दोन्ही आदेशांचे विषय वेगळे आहेत. परंतु व्यवहारात काय घडते? ज्याला दुसरे घर आहे तो नळ बंद होताच जातो. ज्याला नाही तो त्याच पडक्या इमारतीत राहतो आणि हंडे, कॅन घेऊन तेच जिने चढतो. धोका जिथल्या तिथे राहतो. फक्त पाणी जाते. पाणी शुद्ध देता येत नाही म्हणून आवाहन करणारी संस्था, पर्यायी घर देता येत नाही म्हणून पाणीच तोडते.

नोटीस देणाऱ्याचा अधिकारही तपासून पाहावा लागतो. म्हाडा कायद्यात नव्याने आलेल्या कलम ७९-अ नुसार धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यास मालकाला सहा महिने, त्याने न दिल्यास रहिवाशांच्या संस्थेला सहा महिने, आणि त्यानंतर म्हाडाने स्वतः पुढे यावे अशी तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. परंतु तिच्या नावाने निघालेल्या नऊशेहून अधिक नोटिसांना २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्या काढण्याच्या अधिकाराविषयी गंभीर प्रश्न उपस्थित केले. सहकारी संस्था कायद्यातही ७९-अ हे कलम आहे आणि सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे निर्देश त्याखाली निघतात. कागदावर ‘७९-अ’ एवढेच पाहून सल्ला देणारा कार्यकर्ता भाडेकरूला भलत्याच दाराशी नेऊन उभा करील.

मग कार्यकर्त्याने करायचे काय? नोटीस हातात आली की प्रथम ती कोणत्या कायद्याच्या, कोणत्या कलमाखाली आहे हे पाहावे. संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. मालकाचा अहवाल आणि रहिवाशांचा अहवाल यांत विरोध असेल, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येते. इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील क्षेत्र मोजून तसे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कोणी चावी देऊ नये. आणि एक गोष्ट जिन्यावर उभे राहून मोठ्याने सांगावी: इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. शहा रतनशी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने २०१४ साली हे स्पष्ट केले आहे. हे एवढे ठाऊक झाले तर कित्येक कुटुंबे वेळीच बाहेर पडतील आणि त्यांचे जीव वाचतील.

पाण्याबाबतही असेच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू अजिबात आढळता कामा नयेत, आणि क्लोरिनने निर्जंतुक केलेल्या पाण्यात प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असला पाहिजे. खेडेगावातील जलसुरक्षक ओटी चाचणीने हे दोन मिनिटांत पाहतो: थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे. जे गावात जमते ते महानगरातील वस्तीत का जमू नये? प्रत्येक शाखेने आठवड्यातून एकदा, पाणी येण्याच्या वेळी, वस्तीच्या शेवटच्या नळावर ही चाचणी करावी आणि नोंद तारखेसह वहीत ठेवावी. ही चाचणी जंतू दाखवीत नाही. म्हणून क्लोरिन आढळला नाही, तर ती वही घेऊन वॉर्ड कार्यालयात जावे आणि जंतूंच्या तपासणीचा लेखी निकाल मागावा. महापालिकेच्या आवाहनात कोणत्या भागाचे नमुने दूषित निघाले, दुरुस्ती केव्हा होणार आणि तोवर शुद्ध पाण्याचा टँकर कोठे उभा राहणार, हे लिहिलेले असलेच पाहिजे, ही मागणी लावून धरावी.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर निवडणुकांअभावी कित्येक वर्षे तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. त्या काळात नोटिसा निघतच होत्या. त्यांबद्दल सभागृहात प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. सभागृह नसते तेव्हा शाखेची वही हेच सभागृह होते. आणि सभागृह असते तेव्हा तीच वही नगरसेवकाच्या हाती द्यावयाची असते.

या परंपरेची आठवण समाजवाद्यांना वेगळी करून द्यावयास नको. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून झगडणाऱ्या मृणालताई गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्याच मृणालताईंनी सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषद उभी केली आणि कमाल जमीन धारणा कायद्यातील जमिनीचा आग्रह धरून सहा हजारांहून अधिक कुटुंबांना गोरेगावात घरे मिळवून दिली. पाणी आणि घर ही त्यांच्या लेखी दोन खाती नव्हती. तो जमीन धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. ती वाट आज बंद आहे. परंतु कार्यपद्धती रद्द झालेली नाही. वस्तीत जायचे, कागद वाचायचा, आकडा काढायचा आणि तो अधिकाऱ्यापुढे ठेवायचा, ही ती पद्धत.

तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील नोटिसा आणि आवाहने गोळा करावीत आणि प्रत्येकाच्या शेवटच्या वाक्याखाली महापालिकेकडून एक ओळ लिहून मागावी: या कामासाठी जबाबदार अधिकारी कोण, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत पुरे होणार. ही ओळ मिळेपर्यंत वॉर्ड कार्यालयाच्या दारातून उठू नये.