मस्टर कुणाच्या हातात?

(मोहर्ली येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



रोजगार म्हटलं की पुढारी नारळ फोडतो आणि आपण दगड फोडतो. चंद्रपूरहून इथं येताना आधी औष्णिक वीज केंद्र लागतं, मग पद्मापूरची कोळसा खाण, आणि शेवटी वाघाचं हे गेट. सगळीकडं शब्द एकच, रोजगारनिर्मिती. मी एवढंच विचारतो : काम कुणाला मिळतं, आणि मस्टर कुणाच्या हातात असतं?

खाणीचं बघा. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकर जमिनीमागं एक नोकरी. सातबारा ज्याचा, पोरगा त्याचा कामावर. त्याच शेतात निंदण-कापणी करून जगलेल्या बाईचं काय? तिच्यासारख्यांना छोट्या धंद्याला मदत, नाहीतर कंत्राटदाराकडचं काम. म्हणजे आधी मालकाचा बांध, आता कंत्राटदाराचा.

ताडोब्याच्या गेटवर कामं आहेत, नाही कशाला म्हणू? गाइड, जिप्सीवाले, रिसॉर्टमधली झाडलोट. पोरं पोट भरतात. पण ही रोजी पर्यटकाच्या खिशातून येते, कायद्यातून नाही. पावसाळ्यात गाभा क्षेत्र दरवर्षी बंद असतं. २०२० साली कोरोनात तर गेटच बंद झालं. तेव्हा गाइडनं कुणाकडं हक्कानं काम मागायचं?

हक्कानं मागायची सोय याच महाराष्ट्रानं केली होती. १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा रोजगार हमी कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. मागेल त्याला काम, नाहीतर बेकारभत्ता. सातबारा लागत नव्हता. शहरातल्या दोस्तांनो, तुमच्या पगारातून व्यवसायकर कापतात ना? तो १९७५ साली याच योजनेच्या पैशासाठी लावला. पुढं २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं देशभर कुटुंबामागं वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. काही शहाणे म्हणतात, नुसते खड्डे खणले. अरे, खड्डा कुठं खणायचा हे मजुरानं ठरवलं का? पाझर तलाव झाला, बागायतदाराच्या विहिरीला पाणी आलं, खणणारा कोरडाच!

म्हणून हमी पाहिजेच, पण नुसत्या हमीनं भागत नाही. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. गोंडांचं गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबूच्या वाहतुकीचा पास वनखात्याकडंच. गाव अडून बसलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. बांबू तोच, कोयता तोच, पण मजुरीचा दर आता गाव ठरवू लागलं. मला विचाराल तर खाण आणि गेट यांच्या आधी मी हा रस्ता धरीन.

पण नुसत्या टाळ्या नकोत. हाच कायदा आदिवासी नसलेल्याला विचारतो : १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तू इथं होतास कशावरून? गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? मात्र दावेदार सोडून दुसऱ्या वृद्धांचं म्हणणं लिहून घेतलं तर नियमांत तो पुरावा धरतात. आदिवासी भावांशी भांडायचं नाही. त्यांच्याबरोबर ग्रामसभेत बसायचं. उद्यापासून वही-पेन घेऊन वस्तीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडं जा. कोण कधीपासून इथं राहतं, कुठल्या जंगलातून मोहफुलं वेचली, तेंदूपान कुठं तोडलं, सगळं लिहून घ्या. म्हातारी माणसं आहेत, उशीर करू नका.