एका दारामागची बिऱ्हाडं



मी काशीतला मराठी. आमचं घर दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत. तिथले घरनंबर अक्षरानं सुरू होतात. ‘के’ म्हणजे कोतवाली, ‘डी’ म्हणजे दशाश्वमेध, ‘सीके’ म्हणजे चौक. पोस्टमन आधी अक्षर बघून भाग ठरवतो, मग आकड्यांवरून घर. इंटरनेटचा आयपी पत्ताही असाच वाचतात. सुरुवातीचा भाग जाळ्याचा, शेवटचा तुमच्या यंत्राचा.

त्या घरात आई एकटी असते. एकदा ती जिन्यात पडली आणि दोन तास कुणाला कळलंच नाही. मग मी कॅमेरा बसवला. घरातलं चित्र तिसऱ्याच्या सर्व्हरवर नको, म्हणून थेट घराशी जोडणारा. घरात छान चालला, पण पुण्याहून काही केल्या उघडेना.

राउटरमध्ये बाहेरचा पत्ता पाहिला, तो 100.72 नं सुरू होत होता. तिथे उलगडा झाला. 100.64 ते 100.127 हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखलेला आहे. म्हणजे आमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नव्हता.

असं का? 1981 साली ठरलेल्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे आयपीव्ही4 मध्ये, पत्ता 32 बिटांचा. एकूण पत्ते साधारण 429 कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे 3 फेब्रुवारी 2011 रोजी वाटून संपले. मग कंपन्यांनी एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले. जसा वाडा: दारावर नंबर एक, आत बिऱ्हाडं अनेक. आतून पत्र गेलं की दारावरचा माणूस वहीत नोंद करतो, म्हणून उत्तर बरोबर पोचतं. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर वहीत नोंदच नसते. मी पुण्याहून दार ठोठावत होतो आणि दारातूनच परत फिरत होतो. शिवाय एका बिऱ्हाडानं उपद्व्याप केला, तर एखादी वेबसाइट सगळ्या वाड्यालाच बंदी घालते.

आयपीव्ही6 चा पत्ता 128 बिटांचा. पत्त्यांची एकूण संख्या 39 आकडी! प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता. आमच्या राउटरमध्ये ती सोय होती, फक्त बंद होती. चालू केली, कॅमेऱ्याला 2 नं सुरू होणारा पत्ता मिळाला. माझ्या मोबाइलवर आयपीव्ही6 आधीपासून होतं, म्हणून जमलं. या दोन आवृत्त्या एकमेकींशी थेट बोलत नाहीत. त्यामुळेच इतकी वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालवाव्या लागताहेत.

एक मात्र सांभाळा. स्वतःचं दार आलं की कडीही आपलीच. राउटरची फायरवॉल बंद करू नका. मी कॅमेऱ्यापुरतीच एक वाट उघडली, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला.

आज घरी गेल्यावर राउटर उघडून बघा. बाहेरचा पत्ता त्या राखीव पट्ट्यातला असेल, तर कंपनीला फोन करा आणि आयपीव्ही6 मागा. एफई80 नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्यावर समाधान मानू नका, तो घरातल्या घरातच चालतो.

आई आता सकाळी कॅमेऱ्यासमोरून जाताना हात करते.